बालगृहांची तपासणी, रोखलेले बालविवाह : माहिती अधिकारात नेमके काय मागायचे?

एखादे मूल या क्षणी संकटात असेल तर अर्जाच्या भानगडीत पडू नका, १०९८ या बाल हेल्पलाइनला फोन करा. माहिती अधिकार हा यंत्रणेने तिचे काम केले की नाही हे तपासण्यासाठी आहे.

अर्ज फसतो तो बहुतेकदा मुलाचे नाव विचारल्यामुळे. ‘अमक्या गावच्या मुलीचे पुढे काय झाले?’ याला नकार येणार, आणि तो यायलाच हवा. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून मूल सोडा, कार्यालयाचे कागद मागा.

बालगृहाचेच घ्या. याच कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे तपासणी समितीने तीन महिन्यांतून एकदा तरी भेट द्यायची असते. किमान तीन सदस्य, त्यांत एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी, आणि आठवड्यात अहवाल. म्हणजे वर्षाचे चार अहवाल हवेत. ‘मागील दोन वर्षांचे सर्व तपासणी अहवाल व त्यांवर केलेल्या कार्यवाहीची पत्रे’ मागा. आठाऐवजी तीनच मिळाले, तर बाकीच्या भेटी झाल्याच नाहीत का, हा तुमचा पुढचा प्रश्न. संस्थेच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रतही घ्या. नोंदणी पाच वर्षांपुरती असते.

बालविवाहासाठी काळ नीट निवडा. बीड, धाराशिव, जालन्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात, परततात तोवर अक्षय तृतीया आणि लग्नसराई आलेली असते. त्यामुळे आर्थिक वर्ष घेतले की हंगाम मधेच तुटतो. मजकूर असा लिहा :

‘१ ऑक्टोबर २०२४ ते ३० जून २०२५ या काळात जिल्ह्यात बालविवाहाच्या आलेल्या तक्रारी, थांबवलेले विवाह व बाल कल्याण समितीपुढे ठेवलेली प्रकरणे यांचे मासिक अहवाल तालुकानिहाय द्यावेत. मुलांची ओळख पटेल असा मजकूर माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम १० नुसार वगळावा.’

प्रकरणांची गावनिहाय माहिती मागू नका. लहान गावात वय आणि तारीख एवढ्यावरूनच मुलगी ओळखू येते.

हा अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे (माहिती अर्जाला उत्तर देणारा अधिकारी) जातो. जिल्हा बाल संरक्षण कक्ष त्यांच्याच अखत्यारीत असतो. गुन्हे किती नोंदले हे पोलीस अधीक्षक कार्यालयाला वेगळे विचारा. ग्रामीण भागात ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, तेव्हा एका गावाने काय पावले उचलली हे ग्रामपंचायतीकडे मागता येते. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे.

अर्ज ‘जोडपत्र अ’ या ठरलेल्या नमुन्यात, साधारण १५० शब्दांत, एका अर्जात एकच विषय. त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. तालुक्याला स्टॅम्प मिळाला नाही तर रोख भरून पावती घ्या. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही, दाखला जोडावा. प्रतीला पानामागे २ रुपये. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, कारण उत्तराचे तीस दिवस त्या तारखेपासून मोजायचे असतात.

‘का केले नाही?’ असे विचारू नका. अधिकारी नोंदीतले देईल, कारणे रचून देणार नाही. ‘माहिती संकलित नाही’ असे उत्तर आले तर नोंदवही प्रत्यक्ष पाहण्याची मागणी करा. पहिला तास मोफत असतो.

‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नाकारणे आता वाढेल, कारण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यातले वैयक्तिक माहितीबाबतचे कलम ८(१)(ञ) अधिक कडक केले आहे. पण आकड्यांना आणि तपासणी अहवालाला ते लावणे चूक. अपिलात माहिती अधिकार कायद्याची दोन कलमे ठळक लिहा : १०, नावे झाकून उरलेला कागद देणे, आणि ८(२), जनहित मोठे असेल तर माहिती देणे.

पहिले अपील तीस दिवसांत, ‘जोडपत्र ब’, २० रुपयांचा स्टॅम्प. अपिलीय अधिकाऱ्याचे नाव नकाराच्या पत्रातच असायला हवे. दुसरे अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या तुमच्या विभागाच्या खंडपीठाकडे (बीड, धाराशिव, जालन्यासाठी छत्रपती संभाजीनगर). तिथे मूळ अर्ज, पोच, नकारपत्र आणि पहिल्या अपिलाचा निर्णय यांच्या प्रती लागतात. मुदत उलटून मिळालेल्या माहितीचे पैसे देऊ नका, कलम ७(६) प्रमाणे ती मोफत आहे.