राळेचा अर्क असलेलं उत्पादन कसं पारखावं?

सालई, गुग्गुळ, हिराबोळ, लोबान. झाडाच्या सालीला चीर पडली की पाझरून सुकणारे हे राळेचे खडे आता क्रीम, सीरम आणि कॅप्सूलमध्ये येऊन बसले आहेत. घेण्याआधी एक प्रश्न विचारा: खड्यातला नेमका कोणता भाग बाटलीत उतरलाय?

सालईच्या खड्यात वाफेबरोबर उडणारं सुगंधी तेल असतं, पाण्यात विरघळणारा डिंक असतो आणि अल्कोहोलमध्ये विरघळणारी जड राळ असते. सांधेदुखीसाठी सालईचं नाव ज्या बॉसवेलिक आम्लांमुळे झालं, ती या जड राळेत असतात. वाफेने काढलेल्या तेलात ती जवळपास उतरतच नाहीत. तिथे पायनीनसारखे हलके घटक येतात. सुवासासाठी ते तेल जरूर घ्या, सांधेदुखीसाठी मात्र त्याच्या भरवशावर राहू नका.

आता लेबल हातात घ्या. आधी शास्त्रीय नाव शोधा, कारण लोबान म्हणून स्टायरॅक्स या झाडाची राळही विकली जाते आणि बॉसवेलियाची, म्हणजे सालईच्या जातकुळीतल्या झाडाचीही. मग पुढे ‘रेझिन एक्स्ट्रॅक्ट’ लिहिलंय की नुसतं ‘ऑइल’, ते पाहा. घटकांची यादी जास्तीकडून कमीकडे जाते, पण १ टक्क्याखालचे घटक कोणत्याही क्रमाने लिहायची मुभा असते. फिनॉक्सीएथेनॉल हे परिरक्षक युरोपीय नियमांनुसार १ टक्क्यापर्यंतच चालतं. युरोपीय नियम पाळणाऱ्या उत्पादनात अर्काचं नाव त्याच्याही खाली असेल, तर अर्क नाममात्रच आहे असं समजा.

कॅप्सूलवर ‘६५ टक्के बॉसवेलिक आम्लं’ असं छापलेलं असलं तरी तेवढ्यावर थांबू नका. हा आकडा टायट्रेशनने, म्हणजे एकूण आम्ल मोजणाऱ्या साध्या चाचणीने काढला असेल तर त्यात इतर आम्लंही मोजली जातात. प्रत्येक घटक वेगळा करून मोजणाऱ्या एचपीएलसी चाचणीचा अहवाल मागा. ही आम्लं स्निग्ध जेवणाबरोबर जास्त शोषली जातात, म्हणून कॅप्सूल उपाशीपोटी घेण्यात फारसा अर्थ नाही.

त्वचेवर लावायचं असेल तर थोडं क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला, एकाच जागी, रोज दोनदा, आठवडाभर लावा. राळेची ॲलर्जी अनेकदा दोन-तीन दिवसांनी उमटते, त्यामुळे तासाभराच्या चाचणीने काहीच कळत नाही. पाइनची राळ, पेरू बाल्सम (फळाशी संबंध नाही, हा एका झाडाचा सुगंधी चीक) आणि प्रोपोलिस (मधमाश्यांनी जमवलेला डिंकासारखा पदार्थ) यांची ॲलर्जी त्वचारोगतज्ज्ञांच्या चांगल्या परिचयाची आहे. खाज किंवा पुरळ आलं की लगेच थांबा.

गुग्गुळ पोटात घ्यायचा असेल, तर आधी चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. तो काही औषधांचा परिणाम कमी करू शकतो. थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी तर स्वतःच्या मनाने घेऊच नये. शिवाय गुग्गुळाचं झाड आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत अतिसंकटग्रस्त आहे, कारण जास्त राळ मिळावी म्हणून त्याला खोल चिरा दिल्या जातात आणि झाडं वाळून जातात. राळ लागवडीतली आहे की रानातली, हे वेष्टनावर नसेल तर कंपनीला लिहून विचारा आणि उत्तर येईपर्यंत खरेदी थांबवा.