हिवाळी प्रेमकथा लिहायचीय? मग थंडीला कामाला लावा

छोट्या गावातली हिवाळी प्रेमकथा लिहायला बसलं की पहिला महिना बहुधा बर्फाचं वर्णन करण्यातच जातो. माझाही गेला. चाळीस पानं झाली तरी नायक-नायिकेचं एकमेकांवाचून काही अडेना. ती पानं बाजूला ठेवली आणि टेबलासमोरच्या भिंतीवर एक प्रश्न चिकटवला: थंडीमुळे यांचं काय अडतं?

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, म्हणून कडाक्याच्या रात्री पाइप तडकतात. पण गळती बरेचदा कळते ती बर्फ वितळायला लागल्यावर. माझ्या कादंबरीतली ग्रंथपाल सकाळी येऊन हीटर लावते आणि तासाभरात खालच्या कप्प्यांत पाणी शिरतं. हाकेच्या अंतरावर एकच माणूस असतो, रस्त्यावरचा बर्फ हटवणारा. आता दोघांच्या हाताला काम आहे, आणि माणसं कामातच कळतात. तो भिजलेलं पुस्तक झटकत नाही. जमिनीवर मांडी घालून थोड्या थोड्या पानांमध्ये कोरडा कागद सरकवत राहतो, कडा दुमडू न देता. ती दारातून बघते. एवढंच लिहा. त्यापुढे ‘किती हळुवार होता तो!’ असं लिहिलंत की केलेलं सगळं पाण्यात.

मराठीत लिहिणाऱ्यांच्या हाती एक फार मोठी गोष्ट आहे: ‘तुम्ही’चं ‘तू’ होणं. ते उगाच तिसऱ्या पानावर उधळू नका. माझ्या नायिकेच्या तोंडून ते घाईत निसटतं, ‘अरे, तो कप्पा धर!’ आणि पुढचं वाक्य ती पुन्हा ‘तुम्ही’ने बोलते. त्या माघारीतच वाचकाला कळतं.

गावकरी तीन-चार पुरेत, पण प्रत्येकाला स्वतःची काळजी हवी. सगळेच जोडी जमवायच्या मागे लागले की गाव खोटं वाटतं.

आवाजाकडेही लक्ष द्या. ताज्या भुसभुशीत बर्फात हवेच्या पोकळ्या असतात, त्या आवाज शोषून घेतात. अशा रात्री शेजारून चालणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो. कबुलीसाठी मला याहून चांगली वेळ सुचलेली नाही.

दुरावा कुठे आणायचा, हे मला कॅलेंडरनं शिकवलं. उत्तर गोलार्धात सर्वांत छोटा दिवस 21 किंवा 22 डिसेंबरच्या सुमारास येतो, पण खरा कडाका बहुतेक ठिकाणी त्यानंतर काही आठवड्यांनी पडतो. उजेड वाढतोय आणि थंडीही वाढतेय, असे ते दिवस. मन जुळलंय आणि तेव्हाच तुटतंय, हे तिथे आपसूक बसतं. मात्र कारण अर्धवट ऐकलेल्या फोनचं नको. त्याचं काम हिवाळ्यापुरतंच आहे, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि तिनं कधी विचारलं नाही. दोघांचाही दोष असलेलं भांडण वाचकाला पटतं. शिवाय गाव एवढंसं, की रुसल्यावरही रोज समोरासमोर यावंच लागतं.

शेवट गोडच करा. वाचक त्यासाठीच आलेला असतो. फक्त तो मोठ्या भाषणावर उभा करू नका. मी तेच भिजलेलं पुस्तक परत आणलं. वाळून ते फुगलंय, त्याच्या जुन्या जागी मावत नाही. तो ते हातात घेऊन उभा असतो. ती शेजारचं एक पुस्तक काढते आणि जागा करून देते.