विश्वाच्या आरंभाला देव लागतो का? वाद घालताना या चुका टाळा

हा वाद बहुतेक वेळा पहिल्याच वाक्याला फसतो. एकजण म्हणतो, "महास्फोट विज्ञानानेच मान्य केलाय, मग तो घडवणारा कोणीतरी असणारच." दुसरा म्हणतो, "महास्फोट कळला, आता देवाचं काय काम?" सिद्धांत एकच, निष्कर्ष उलटे, आणि दोन्ही त्या सिद्धांतात नाहीत.

महास्फोट म्हणजे शून्यातून निर्मिती, असं धरून चालणं

सर्वांत जास्त होणारी चूक हीच. सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी विश्व अतिशय दाट आणि तप्त होतं व तेव्हापासून ते प्रसरण पावतंय, एवढंच हा सिद्धांत खात्रीने सांगतो. १९६५ मध्ये पेंझियस आणि विल्सन यांनी जाहीर केलेलं, आकाशात सगळीकडून येणारं मायक्रोवेव्ह प्रारण हा त्याचा भक्कम पुरावा. पण काळ अगदी शून्यापर्यंत मागे नेला की आइन्स्टाइनची समीकरणं निकामी होतात, आणि तिथे लागणारा गुरुत्वाकर्षणाचा सर्वमान्य क्वांटम, म्हणजे अतिसूक्ष्म पातळीवरचा, सिद्धांत अजून कोणाकडेच नाही. अशा जागी छाती ठोकून काहीही सांगणारा, आस्तिक असो वा नास्तिक, पदरचं सांगतोय.

गंमत अशी, की हे बजावणारा माणूस स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता. बेल्जियमच्या जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्ये प्रसरण पावणारं विश्व मांडलं. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी नव्या विश्वशास्त्राचं नातं थेट ईश्वरी निर्मितीशी जोडलं, ते लमेत्र यांना रुचलं नाही. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, देव नाकारणाऱ्यालाही तो अडवत नाही, अशी त्यांची भूमिका होती.

विश्व अनादि ठरलं की देव संपला, असं समजणं

फ्रेड हॉइल, बाँडी आणि गोल्ड या शास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये आरंभ नसलेलं, स्थिर स्थितीचं विश्व मांडलं. हॉइल यांचे शिष्य जयंत नारळीकर शेवटपर्यंत महास्फोटाचे टीकाकार राहिले. १९९३ मध्ये हॉइल आणि बर्बिज यांच्यासोबत त्यांनी सुधारित प्रारूपही दिलं. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ते स्वीकारलं नाही. पण समजा, स्वीकारलं असतं, तरी देवाचा प्रश्न निकालात निघाला नसता. तेराव्या शतकातल्या ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसचं म्हणणं होतं की विश्वाला आरंभ होता हे तर्काने सिद्ध होत नाही, ती श्रद्धेची बाब आहे. तरीही त्याने देवासाठी युक्तिवाद केले, कारण त्याचा देव विश्वाला या क्षणीही अस्तित्वात ठेवणारा आहे. म्हणून समोरच्याला आधी हे विचारा: तुमचा देव विश्व सुरू करण्यापुरता हवाय, की ते टिकवायला?

"मग देवाला कोणी निर्माण केलं?" यावर थांबणं

टाळ्या मिळतात, पण नेम चुकतो. मध्ययुगीन मुस्लिम विचारवंत अल् गझालीपासून आजच्या ख्रिस्ती तत्त्वज्ञ विल्यम लेन क्रेगपर्यंतचा युक्तिवाद "ज्याला आरंभ आहे त्याला कारण असतं" असा आहे, "प्रत्येक गोष्टीला कारण असतं" असा नाही. देव अनादि म्हटला की तुमचा प्रश्न त्याला लागतच नाही. घाव घालायचाच तर त्या नियमावर घाला. तो विश्वातल्या वस्तू पाहून बांधलेला. अख्ख्या विश्वाला लावायचा कोणत्या आधारावर?

आपल्याकडे हे भांडण फार जुनं आहे. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कपंडित, म्हणत, घडा कार्य आहे, म्हणजे कोणत्यातरी कारणातून झालेली वस्तू, म्हणून त्याला कुंभार. पृथ्वीही कार्य, म्हणून तिलाही कर्ता. बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीने विचारलं, वारूळही मातीचंच, मग तेही कुंभाराचं म्हणायचं का? (ऋग्वेदातलं नासदीय सूक्त मात्र पुरावा म्हणून आणू नका. सृष्टी कशी झाली हे वर बसलेल्या अध्यक्षाला तरी ठाऊक असेल का, अशी शंका घेऊनच ते संपतं.)

कारण सापडलं की आपलाच देव सापडला, असं मानणं

इथे नास्तिकापेक्षा रामानुजाचार्यांना ऐका. ते परम वैष्णव, तरीही श्रीभाष्यात, म्हणजे ब्रह्मसूत्रांवरच्या आपल्या भाष्यात, त्यांनी घड्यावरून जगाचा कर्ता ठरवणारं हे अनुमान मोडून काढलं. त्यांच्या मते ब्रह्म शास्त्रातूनच कळतं, असल्या तर्कातून नाही. शिवाय घडा एकटा कुंभार करतो, पण मोठी कामं अनेकजण मिळून करतात. मग जग घडवणारा एकच, हे कशावरून?