गटारी कोरडी काढायची तर

2024 साली आषाढ अमावस्या नेमकी रविवारी, 4 ऑगस्टला आली होती. त्या रात्री कर्जतजवळच्या एका फार्महाउसवर सात मित्रांच्या घोळक्यात बसून मी एक थेंबही घेतला नाही, चौघांना घरोघर सोडले, आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे पहिल्या श्रावणी सोमवारी सकाळी नऊ वाजता, स्वतःच्याच गाडीच्या डिकीत सापडलेल्या अर्ध्या बाटलीने एकोणीस महिन्यांचे पथ्य मोडले. त्यामुळे या यादीत डिकीचा उल्लेख पुन्हा पुन्हा येईल आणि वाचणाऱ्याने तो सहन करावा. गटारी की गतहारी या वादात मला रस नाही; नाव काहीही असले तरी बाटली तीच असते.

आधी एक इशारा द्यायला हवा. ही यादी दारू सोडून काही काळ लोटलेल्या माणसासाठी आहे. जो आजही रोज पितो आणि ‘गटारीला शेवटची, श्रावणात बंद’ असे मनाशी ठरवून बसला आहे, त्याने यादी बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. अनेक वर्षे रोज दारू मिळत आलेल्या शरीराची दारू एकाएकी तोडली की हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन-तीन दिवसांनी भास होऊन माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो. यात जीवही जातो. हे सारे औषधांनी आटोक्यात ठेवता येते, पण त्यासाठी दवाखान्यात वेळेवर पोचावे लागते. श्रावण पाळता येतो म्हणजे आपण व्यसनी नाही, हा युक्तिवाद मीही सलग आठ वर्षे केला होता आणि त्या आठही वर्षी गणपती बसायच्या आत माझा श्रावण संपला होता.

तयारी कॅलेंडरपासून सुरू करावी. गटारी हा एक दिवस नसतो. अमावस्या आठवड्याच्या मधल्या वारी आली की लोक आधीचा रविवार धरतात आणि शिवाय अमावस्येच्या आसपासची एखादी रात्रही सोडत नाहीत. 2025 साली ती गुरुवारी, 24 जुलैला होती, आणि गुरुवार पाळणाऱ्यांनी रविवारी व बुधवारी असे दोनदा उरकून घेतले. 2026 साली ती बुधवारी, 12 ऑगस्टला येते, म्हणजे रविवार 9 ऑगस्टपासून बुधवारच्या रात्रीपर्यंतचे चार दिवस धोक्याचे धरावेत, आणि पाचवा दिवस गुरुवार सकाळचा. ती दुसऱ्या दिवशीची सकाळ मी 2024 साली धरली नव्हती.

जायचेच आहे का, हे एकदा स्वतःला विचारावे. पहिल्या वर्षात असाल तर जाऊ नका. याला कारण देत बसत नाही. त्याच संध्याकाळी घरात दिव्यांची पूजा असते, समया घासायच्या असतात, कणकेचे दिवे उकडायचे असतात. त्या कामात हात घालणाऱ्या पुरुषाची घरात टिंगल होते खरी, पण वेळ उत्तम जातो. पुढच्या वर्षांतही जाण्याचे कारण मटण, पाऊस आणि मित्र एवढेच असावे. ‘बघू या, आपल्याला जमते का’ हे कारण असेल तर घरीच थांबावे.

जाण्यापूर्वी यजमानाला फोन करून स्पष्ट सांगावे की मी घेत नाही, आग्रह करू नकोस आणि माझ्या गाडीत काही ठेवू नकोस. या वाक्याचा तिसरा भाग विसरू नये. पहिले दोन भाग सगळेच सांगतात.

वाहन स्वतःचे न्यावे, म्हणजे नको वाटेल त्या क्षणी उठता येते. हे सर्वांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते एवढेच, की दारू न पिणाऱ्याची गाडी ही त्या रात्री सर्वांची गाडी होते. मोटार वाहन कायद्यात शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडले की गुन्हा होतो आणि पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकतात, त्यामुळे नाकाबंदीच्या भीतीने सगळे आपल्याकडेच वळतात. शिवाय उरलेली बाटली कोणालाच घरी न्यायची नसते, कारण घरी बायको असते आणि उद्यापासून श्रावण असतो. मग कोणीतरी अगदी प्रेमाने म्हणतो, ‘याच्या डिकीत टाका रे, हा पीत नाही, याच्याकडे सुरक्षित राहील.’ यात कोणाचाही दुष्टावा नसतो. माझ्या डिकीत बाटली ठेवणारा मित्र दारू सोडलेल्यांच्या गटात मला एक वर्षाचे मेडल मिळाले त्या मीटिंगला पेढे घेऊन आला होता. म्हणून निघताना डिकी स्वतः उघडून पाहावी, आणि पाहावी म्हणजे चटई उचलून स्टेपनीच्या खाचेत हात घालून पाहावी, कारण माझी बाटली तिथेच फडक्यात गुंडाळून ठेवली होती. शेवटच्या मित्राला सोडल्यावर, तो समोर असतानाच, डिकी दुसऱ्यांदा पाहावी आणि जे सापडेल ते त्याच्या हातात द्यावे. नकार द्यायला संकोच वाटत असेल तर कायदा मदतीला आहे: महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार दारू पिण्यासाठीच नव्हे तर ती बाळगण्यासाठीही परवाना लागतो, आणि ‘माझ्याकडे परवाना नाही, गाडीत ठेवू नका’ हे वाक्य हसतहसत म्हणता येते.

पेय स्वतःचे न्यावे, पण सोडा नेऊ नये. सोड्यावर सर्वांचा डोळा असतो आणि दहा वाजेपर्यंत तो संपतो. सोलकढी न्यावी, ती कोणी कशात मिसळत नाही. ती पिण्यासाठी भांडेही घरचे, स्टीलचे असावे, कारण काचेचे ग्लास अदलाबदल होतात आणि एका चुकीच्या घोटाला माफी नसते. नॉन-अल्कोहोलिक बिअर नको. चव आणि फेस तोच असल्यामुळे तलफ जागी होते, आणि काही प्रकारांत अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असतेही. घरून जेवून निघावे. चखण्यावर भूक भागवू नये. उकडलेले अंडे आणि खारे शेंगदाणे माझ्या जिभेला आजही पुढच्या घोटाची आठवण करून देतात.

डायसल्फिरामची, म्हणजे दारू सुटलेली राहावी म्हणून दिली जाणारी, गोळी सुरू असलेल्यांनी विशेष सावध राहावे. ती घेत असताना दारू पोटात गेली की तिचे विघटन अर्धवट थांबते, चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, आणि प्रकरण जिवावरही बेतू शकते. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम होऊ शकतो, तेव्हा दोन दिवस गोळी चुकवून गटारी साधण्याचा हिशेब कोणी करू नये. काही खोकल्याच्या औषधांत आणि आसव-अरिष्टांतही अल्कोहोल असते, ते डॉक्टरांना विचारून घ्यावे. ही गोळी नवऱ्याच्या आमटीत गुपचूप मिसळणाऱ्या घरांनाही सांगतो: कृपा करून हे करू नका, तो बाहेर जाऊन प्याला तर त्याला काय होत आहे हे त्यालाही कळणार नाही.

तिथे पोचल्यावर फार काही करायचे नसते. ‘अरे, आज तरी घे’ याला ‘नको’ एवढेच उत्तर द्यावे. यकृताची कहाणी सांगू नये, तिच्यावर चर्चा सुरू होते. स्पॉन्सरला, म्हणजे गटातल्या आपल्याला सांभाळणाऱ्या जुन्या सदस्याला, किंवा ज्याच्याशी मोकळे बोलता येते अशा कोणालातरी आधीच सांगून ठेवावे की रात्री फोन येईल. त्याच त्या विनोदावर मित्र तिसऱ्यांदा हसू लागले की उठावे आणि डिकी पाहावी.

आता दुसऱ्या दिवसाची सकाळ. मीटिंगमध्ये भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार शत्रूंची नावे आपण इतक्या वेळा ऐकतो की ती कानांवरून जातात. त्या सोमवारी यांपैकी तीन माझ्या घरी हजर होते. पहाटे तीनला झोपून मी सातला उठलो होतो, सोमवारचा उपास धरला होता, आणि घरातली मंडळी शंकराच्या देवळात गेली होती. त्यात रात्र जिंकल्याची ऐट होती, आणि ती ऐट त्या तिन्हींपेक्षा वाईट. गाडीतली छत्री काढायला खाली गेलो, डिकीत शोधता शोधता बाटली मिळाली, आणि मोरीत ओतून टाकावी या शुद्ध हेतूने ती वर आणली. बूच उघडल्यावर वास आला. पुढचे सांगण्यासारखे नाही. म्हणून बाटली सापडलीच तर ती स्वतः ओतू नये, उघडूही नये, घरात तर आणूच नये. शेजाऱ्याला हाक मारावी, वॉचमनला बोलवावे, स्पॉन्सरला फोन करावा, आणि कोणी येईपर्यंत डिकी बंद करून गाडीपासून दूर उभे राहावे. त्या दिवशी उपास करू नये, पोटभर पोहे खावेत. महादेव समजून घेईल. सकाळची मीटिंग आधीच ठरवावी. कोणीच भेटले नाही तर व्यसनमुक्तीसाठी 14446 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे आणि मन ढासळत असेल तर 14416 वर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे.

बाकीच्या सणांचे थोडक्यात. विसर्जनाच्या मिरवणुकीत घरच्या गणपतीबरोबरच राहावे, मंडळाच्या ट्रकच्या मागे जाऊ नये. थर्टी फर्स्टला बंद होण्याच्या वेळेवर विसंबू नये, गेल्या काही वर्षांत परमिट रूमना पहाटे पाचपर्यंत परवानगी मिळते. रम घातलेला केक विचारून खावा. धुळवडीची भांगही नशाच आहे. आणि या प्रत्येक वेळी निघताना एकदा, शेवटच्या मित्राला सोडताना एकदा, चटई उचलून डिकी पाहावी.