महागडा म्युझिक प्लेअर दुरुस्तीला पाठवताय? आधी या चुका टाळा

सोनीचा वॉकमन असो, फिओ, आयबासो किंवा ॲस्टेल अँड कर्न, चांगला पोर्टेबल प्लेअर आतून क्वचितच बिघडतो. घोळ बहुतेक वेळा बाहेरच्या बाहेर असतो: जॅकमध्ये, पिनेत, मेमरी कार्डात किंवा एखाद्या सेटिंगमध्ये. सोलापुरात त्यात फुफाटा, सुताची लव आणि वैशाखातलं ऊन यांची भर पडते. म्हणून कुरिअरने बाहेरगावी पाठवण्याआधी पुढच्या गोष्टी तपासा.

एका बाजूने आवाज येत नाही

केबल सुटी होणारा इअरफोन असेल तर डावा इअरफोन उजव्या वायरीला आणि उजवा डाव्या वायरीला लावा. मुकी बाजू इअरफोनबरोबर सरकली, तर दोष इअरफोनात. बहुधा तोंडाशी असलेल्या बारीक जाळीत कानातला मळ बसलेला असतो. दोष त्याच वायरीवर राहिला तर दुसरी केबल लावा. तरीही फरक पडला नाही, तरच जॅककडे वळा.

जॅकमध्ये मोबाइलचा टॉर्च मारून नीट बघा. नवी चादर, टेरी टॉवेल घरात आले की त्यांची लव सगळीकडे उडते, आणि सोलापुरात हे दोन्ही नसलेलं घर सापडणं अवघड. खिशातली ही लव दर वेळी पिनेबरोबर आत ढकलली जाते आणि तळाशी तिची करडी, घट्ट चकती तयार होते. मग पिन शेवटचा अर्धा-एक मिलिमीटर आत जात नाही. कधी एक बाजू जाते, तर कधी गाणारा गायब होतो आणि साथीची वाद्यं तेवढी पोकळ, लांबून आल्यासारखी ऐकू येतात. हे दुसरं लक्षण नेमकं ओळखा. ३.५ मिमीच्या पिनेत दोन्ही बाजूंची परतीची वायर एकच असते. तिचा संपर्क सुटला की डाव्या-उजव्या आवाजातला फरक तेवढा कानात येतो, आणि मधोमध असलेला गायकाचा आवाज त्यात खोडला जातो. प्लेअर ठणठणीत असतो.

साफ करताना प्लेअर बंद करा. लाकडी टूथपिकचं टोक जॅकच्या कडेने फिरवत लव उचलून बाहेर काढा, खाली दाबू नका. मग दातांच्या फटी साफ करायचा बारीक ब्रश ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओला करून दोन-तीनदा फिरवा आणि १५ मिनिटं वाळू द्या. सुई किंवा सेफ्टी पिन आत घालू नका, आतली पातळ स्प्रिंगपट्टी एकदा वाकली की जॅकच बदलावा लागतो. गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरची हवाही नको, तिच्याबरोबर पाण्याचे आणि तेलाचे थेंब येतात.

४.४ मिमीची पिन: सगळ्यात महाग पडणारी चूक

प्लेअरवर शेजारी-शेजारी दोन भोकं असतात: ३.५ मिमीचं साधं आणि ४.४ मिमीचं बॅलन्स्ड. (जुन्या काही प्लेअरवर बॅलन्स्ड जॅक २.५ मिमीचा असतो.) साध्या जॅकमध्ये दोन्ही बाजूंचे निगेटिव्ह एकत्र जोडलेले असतात. बॅलन्स्डमध्ये तसं नसतं. तिथे डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला स्वतंत्र पॉझिटिव्ह आणि स्वतंत्र निगेटिव्ह असतो, आणि त्या चारही तारांमागे चालता ॲम्प्लिफायर असतो.

आता कुणी बाजारातून स्वस्त ॲडॅप्टर आणतो, ज्याचं एक टोक बॅलन्स्ड जॅकमध्ये जातं आणि दुसऱ्या टोकाला साधा ३.५ मिमीचा हेडफोन लागतो. त्या क्षणी दोन निगेटिव्ह एकमेकांना चिकटतात, म्हणजे दोन ॲम्प्लिफायरची तोंडं शॉर्ट होतात. काही प्लेअर स्वतःहून बंद होऊन वाचतात, काहींचा ॲम्प्लिफायर जळतो. घरच्या स्टिरिओच्या ऑक्स इनपुटला बॅलन्स्ड जॅकमधून आरसीए वायर जोडणं हीसुद्धा तीच चूक, कारण आरसीएचे दोन्ही ग्राउंड स्टिरिओच्या आत एकच असतात.

उलटं मात्र चालतं. बॅलन्स्ड केबलचा इअरफोन साध्या ३.५ मिमी जॅकला ॲडॅप्टरने लावायला काहीच हरकत नाही. नियम एवढाच: बॅलन्स्ड जॅकमध्ये फक्त बॅलन्स्ड केबल. पिन घालता-काढताना गाणं आधी थांबवा, कारण अर्धवट घुसलेली पिन क्षणभर दोन कड्या एकमेकींना जोडू शकते.

लाइन आउट आणि गेन

बऱ्याच प्लेअरमध्ये तोच जॅक लाइन आउट म्हणूनही वापरता येतो. घरच्या ॲम्प्लिफायरला जोडण्यासाठी ते सेटिंग असतं, आणि त्यात साधारण २ व्होल्टचा पूर्ण सिग्नल बाहेर जातो. व्हॉल्यूमचं बटण तिथे बहुधा काम करत नाही. रात्री ॲम्प्लिफायरला जोडून ऐकलं, सेटिंग तसंच राहिलं आणि सकाळी इअरफोन लावून प्ले दाबलं, तर कानठळ्या बसतील. कानाला इजा होऊ शकते, इअरफोनलाही. काम झालं की लाइन आउट बंद करायची सवय लावून घ्या. नवी जोडणी केली की आधी गाणं सुरू करा, मग इअरफोन कानात घाला.

गेन म्हणजे प्लेअर सिग्नल किती जोराने वाढवतो ते ठरवणारं सेटिंग. संवेदनशील, म्हणजे थोड्या सिग्नलवरच मोठ्याने वाजणाऱ्या इअरफोनला हाय गेनची गरज नसते. तिथे गाणं सुरू नसतानाही मागे बारीक ‘स्स’ ऐकू येत असेल आणि १०० पैकी १०-१५ वरच आवाज पुरे होत असेल, तर लो गेनवर या. प्लॅनर (सपाट पडद्याचा) किंवा ३०० ओमचा, म्हणजे जास्त जोर लागणारा मोठा हेडफोन असेल तरच हाय.

बास कमी वाटला की लोक इक्वलायझरकडे धावतात. आधी कानातल्या रबरी टिपचं माप बदला. टिप घट्ट बसली नाही की बास बाहेर निसटतो, आणि सोलापूर-पुणे रेल्वेत त्याची भरपाई म्हणून आवाज वाढवला जातो. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल अशी आहे. इक्वलायझर वापरायचाच असेल, तर बास ६ डेसिबलने वाढवताना प्रीॲम्प, म्हणजे त्याच पडद्यावरची एकूण आवाजाची पट्टी, तेवढीच उणे ६ वर न्या. नाहीतर मोठ्या सुरांवर आवाज फाटतो आणि दोष इअरफोनला दिला जातो.

डीएसडी या वेगळ्या प्रकारच्या ध्वनिफाइलचा आवाज साध्या फाइलपेक्षा बहुधा कमी येतो, तो बिघाड नव्हे.

कार्ड, फाइली आणि ‘विठ्ठल’

गाणी मध्येच तुटतात, अल्बम गायब होतात, कार्ड सापडत नाही म्हणतं. अशा वेळी कार्ड खोटं आहे का ते आधी बघा. ५१२ जीबी लिहिलेल्या खोट्या कार्डात प्रत्यक्षात ३२ असू शकतात, आणि भरल्यावर जुन्याच जागेवर नवं लिहिलं जातं. विंडोजवर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ हा मोफत प्रोग्रॅम अख्खं कार्ड भरून परत वाचून बघतो. वेळ लागतो, रात्रभर चालू ठेवा. कार्ड खरं निघालं की ते प्लेअरमध्येच फॉरमॅट करा. गाणी कार्ड रीडरने भरा आणि ‘इजेक्ट’ केल्याशिवाय उपसू नका. मॅकवरून भरलं असेल तर टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या, न वाजणाऱ्या फाइली यादीत दिसतात. त्या खुशाल पुसा.

मराठी नावांची तऱ्हा वेगळी. ‘विठ्ठल’च्या जागी प्रश्नचिन्हं किंवा अगम्य रोमन चिन्हं दिसत असतील, तर दोष टॅगच्या (फाइलीत साठवलेल्या गाण्या-गायकाच्या नावांच्या) एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरं साठवण्याच्या पद्धतीचा. ‘एमपीथ्रीटॅग’ या टॅग बदलायच्या प्रोग्रॅममध्ये एमपीथ्रीसाठी आयडीथ्री २.३ (टॅगचा प्रकार) आणि यूटीएफ-१६ (एन्कोडिंग) निवडा, जुने आयडीथ्री १ टॅग काढून टाका आणि नावं पुन्हा भरून सेव्ह करा. फ्लॅक या दर्जा न घटवता दाबलेल्या फाइलीला ही अडचण येत नाही, त्याचे टॅग यूटीएफ-८ मध्येच असतात. पण अक्षरं बरोबर असून वेलांटी सरकलेली, ‘ठ्ठ’ फुटून ‘ठ् ठ’ झालेला दिसत असेल, तर टॅगवर वेळ घालवू नका. अँड्रॉइड नसलेल्या काही प्लेअरना जोडाक्षरं जुळवताच येत नाहीत. तिथे नावं रोमनमध्ये लिहिणं हाच इलाज.

वेगवेगळ्या गायकांच्या अभंगांचा एक अल्बम फुटून १० अल्बम झाला, तर ‘अल्बम आर्टिस्ट’ हा रकाना सगळ्या फाइलींना सारखा भरा. विलंबित संपून द्रुत सुरू होताना खटका बसत असेल तर गॅपलेस (मधे खंड न पाडणारं सेटिंग) चालू आणि क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणारं) बंद ठेवा.

२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ असा उंची दर्जा लिहिलेली फाइल खरंच तेवढ्या दर्जाची असेलच असं नाही. ‘स्पेक’ या प्रोग्रॅममध्ये फाइलीतल्या सुरांचा आलेख उघडा. सगळं १६ किलोहर्ट्झच्या आसपास सुरीने कापल्यासारखं संपत असेल, तर ती बहुधा एमपीथ्रीवरून फुगवलेली फाइल. ७८ आरपीएमच्या तबकडीवरच्या नाट्यपदात वरचे सूर मुळातच थोडे असतात. तिथे आकड्यापेक्षा तबकडी किती स्वच्छ उतरवली आहे, ते पाहा.

ऊन आणि बॅटरी

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४० च्या वर जातो. पत्र्याची खोली आणि स्कूटरची डिकी त्याहून तापते. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि चांगले प्लेअर वाजताना स्वतःही गरम होतात. उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे किंवा रात्री करा, कातडी कव्हर काढून करा, आणि तेव्हा गाणी लावू नका. महिनाभर वापरायचा नसेल तर ५० टक्क्यांच्या आसपास चार्ज ठेवून थंड जागी ठेवा.

मागचं झाकण उचललं गेलं किंवा स्क्रीन कडेने सुटली, तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग तिथेच थांबवा, दाबून बसवू नका, टोचू नका, आणि तसा प्लेअर कुरिअरमध्ये घालू नका. आधी कंपनीला फोन करून, तो कसा पोहोचवायचा ते विचारा.