नुआदाचा चांदीचा हात: पोफळीच्या विरीपासून

आयर्लंडच्या आद्य पुराणकथांतला राजा नुआदा दशावतारी पद्धतीने उभा करायचा, तर सगळं आख्यान त्याच्या उजव्या हातावर तोललेलं असतं. माग तुइरेद या रणभूमीवरच्या पहिल्या लढाईत फिर बोल्ग या शत्रुकुळाचा वीर श्रेंग तो हात तोडतो. अंगात व्यंग असलेल्याने राज्य करायचं नाही, हा तुआथा दे दानन या नुआदाच्या देवकुळाचा नियम, म्हणून गादी ब्रेसकडे जाते. मग वैद्य दिआन केख्त आणि धातूकाम करणारा क्रेद्ने मिळून चांदीचा हात बसवतात. पुढे वैद्याचाच मुलगा मिआख खरा हात जोडतो आणि सात वर्षांनी नुआदा परत राजा होतो.

म्हणजे हाताची तीन रूपं: तुटलेला, चांदीचा, खरा. पुठ्ठ्याचा ताठ हात बांधलात तर कथेचा जीवच गेला. त्या चांदीच्या हाताचं प्रत्येक बोट, प्रत्येक सांधा हलत होता, हेच तर त्याचं कौतुक.

कोकणात याला सर्वांत चांगला माल म्हणजे पोफळीची विरी, म्हणजे सुपारीच्या झावळीचा खोडाला वेढणारा रुंद, चिवट देठ. हलकी, फुकट आणि भिजवली की हवा तसा आकार घेणारी. गळून पडलेल्या, न चिरलेल्या दोन मोठ्या विऱ्या घ्या. माती धुऊन अर्धा तास पाण्यात बुडवा. मधल्या शिरेजवळचा जाड भाग काढून टाका. तंतू हाताच्या लांबीत धरूनच गुंडाळा. आडवे धरलेत तर पहिल्याच वळणाला तडा जातो. विरीची गुळगुळीत बाजू आत ठेवा. ती कातडीला बोचत नाही आणि बाहेरच्या खरखरीत बाजूवर डिंक धरतो.

एक नळी दंडाची, एक कोपरापासून मनगटापर्यंतची. कोपर मोकळं सोडा. नळीचा घेर हाताच्या घेरापेक्षा तीन बोटं जास्त ठेवा, कारण वाळल्यावर विरी थोडी आकसते. ओली नळी बाटलीवर गुंडाळून सुंभाने बांधा आणि दोन दिवस सावलीत वाळवा. कडक उन्हात कडा वाकड्या होतात. पावसाळ्यात हे काम काढूच नका, आतून बुरशी धरते.

बोटं हे खरं नाजूक काम. काळा सुती हातमोजा घ्या. अंगठ्याला दोन आणि बाकी बोटांना तीन-तीन, असे चौदा तुकडे कापा आणि मोज्याच्या वरच्या बाजूवर शिवा. एक तुकडा तळहाताच्या मागच्या भागाला. तळव्याकडे काही लावू नका, नाहीतर तलवार धरता येत नाही. तुकडे कौलांसारखे चढते लावा: मनगटाकडच्या तुकड्याची कड नखाकडच्या तुकड्यावर अर्धा सेंटीमीटर. प्रत्येक तुकडा फक्त मनगटाकडच्या कडेला दोन टाके घालून शिवा, दुसरी कड मोकळी. चारही बाजूंनी शिवला की मूठ वळत नाही. चूक नेहमी इथेच होते.

शिवण्याआधी तुकड्यांवर बेगड चढवा आणि कडा आत दुमडा. मैद्याची खळ नको, दमट हवेत दोन दिवसांत आंबते. फेव्हिकॉल पातळ करून लावा. बेगड घासून अगदी सपाट करू नका. बारीक सुरकुत्या राहिल्या की ट्यूबलाइटखालीही झळाळी येते.

नळ्यांची फट हाताच्या आतल्या बाजूला ठेवा आणि दोन्ही नळ्या नाडीने सुरगाठ मारून बांधा. वेल्क्रोचा चर्रकन आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, नेमका शांत प्रसंगात.

हात तुटल्यावर नटाचा खरा हात अंगरख्याच्या आत पाठीमागे वळवून रुंद कापडाने सैल धरा आणि वरून शेला सोडा. पंधरा मिनिटांच्या वर नको, मुंग्या येतात. तेवढ्या वेळात ब्रेसला बाकड्यावर बसवून त्याचा कंजूषपणा दाखवून घ्या: त्याच्या घरी गेलेल्यांच्या सुऱ्यांना चरबी लागत नाही, श्वासाला दारूचा वास येत नाही.

मिआखच्या प्रसंगाला घाई नको. सांध्याला सांधा, शिरेला शीर, असं म्हणत तो नऊ दिवस-रात्र घालवतो: तीन दिवस हात कुशीशी, तीन दिवस छातीशी, मग जाळून काळ्या केलेल्या पाणकणसाचे झुपके. पखवाजाच्या तीन आवर्तनांत हे बसतं. पहिल्यात दंडाची गाठ सोडा, दुसऱ्यात मनगटाची, तिसऱ्यात मोजा उतरवा. मोजा बोटांकडून ओढलात तर तुकडे उचकटतात; मनगटाकडून उलटा सोलत काढा.

यानंतर चांदीचा हात पेटाऱ्यात गेला की गेला. नाव रुपेरी हाताचं म्हणून शेवटच्या लढाईतही तो चढवायचा मोह होतो, पण माग तुइरेदच्या दुसऱ्या लढाईत नुआदा शत्रूकडच्या बालोरच्या हातून पडतो तेव्हा तलवारीवरची बोटं त्याची स्वतःची असतात.