आधी चौकट धरा, माणूस येतोच

रस्त्यावरचे फोटो काढायला नव्याने निघालेली मंडळी माणसांच्या मागे धावतात. फेटेवाले आजोबा दिसले की निघाली त्यांच्या मागोमाग. हाती काय लागतं? आजोबांची पाठ, डोक्यातून उगवलेला विजेचा खांब आणि कडेला अर्धी स्कूटर. माझं सांगणं नेमकं उलटं आहे. आधी माणसाभोवती चौकट होईल अशी जागा शोधा. वाड्याचा दिंडी दरवाजा, दगडी कमान, दुकानाचं अर्धं वर गेलेलं शटर, दोन हातगाड्यांमधली फट, काहीही चालेल. जागा पक्की झाली की तिथेच थांबा. माणसं आपल्या चालीनं तिथे येतात. तुम्ही कुणाचा पाठलाग करत नसता, त्यामुळे कुणी सावधही होत नाही.

मी पुण्यातल्या शुक्रवार पेठेत वाढले. आजही बँकेत जाण्याआधीची सकाळ मंडईत घालवते. सोबत येणाऱ्या नव्या मुलामुलींनाही पहिल्यांदा तिथेच नेते. महात्मा फुले मंडईची इमारत 1886 सालची. मधोमध अष्टकोनी मनोरा, दगडी भिंती, कमानी. आतले भाजीवाले उंच ओट्यांवर बसतात. त्यामुळे गिऱ्हाईक मान वर करून भाव विचारतं आणि मावशी वरून वाकून उत्तर देतात. ही नजरानजर म्हणजे तयार रचनाच असते. तिच्या एका कडेला टांगलेल्या लसणाच्या माळा किंवा पिशव्यांचा गठ्ठा येऊ द्या. तो जवळ असल्यामुळे धूसर दिसेल आणि बघणाऱ्याला आपण गर्दीतूनच पाहतोय असं वाटेल. चौकट चारही बाजूंनी बंद हवी असं अजिबात नाही. दोन बाजू पुरतात, कधी वरची एक छत्रीही पुरते.

आता उजेडाचं बघू, कारण चौकटीचा फोटो बहुतेक वेळा तिथेच फसतो. तुम्ही अंधाऱ्या बाजूला उभे राहून कमानीतून बाहेरच्या उन्हाकडे पाहत असाल, तर बाहेरच्या उजेडाचं माप घ्या. कमान काळी पडेल, पडू द्या. त्या काळ्या कडेमुळेच मधला माणूस उठून दिसतो. कॅमेरा स्वतःहून कमानीतला दगड उजळवायला जातो आणि बाहेरचा रस्ता पांढराफटक करून टाकतो. म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप खाली आणा, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा उजेड निम्मा करा. मोबाइलवर उजेडाच्या भागावर बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला की बाजूची पट्टी थोडी खाली ओढा.

यात एक मेख आहे. कमानीतून तुमच्या दिशेने आत येणाऱ्याच्या पाठीमागे ऊन असतं, त्यामुळे त्याचा चेहरा काळा होतो. नुसती आकृती हवी असेल तर छानच. पाटी डोक्यावर घेतलेला हमाल असा फार सुंदर दिसतो. पण चेहरा हवा असेल तर तुम्हीच बाहेर जा आणि दारातून आत पाहा. दारालगत बसलेल्या माणसावर रस्त्याचा मऊ उजेड पडतो आणि त्याच्यामागची खोली आपोआप काळोखात जाते.

हे शिकायला कसबा पेठेतल्या तांबट आळीइतकी चांगली जागा मला माहीत नाही. तांब्याच्या भांड्यावर मठारकाम, म्हणजे हातोडीनं ठोके उमटवण्याचं काम, करणारा कारागीर उजेडासाठी दाराजवळ बसतो. दाराची चौकट ही तुमची फ्रेम. समोरासमोर उभे राहू नका, अर्धं पाऊल बाजूला सरका, म्हणजे दाराची एक उभी बाजू जाड आणि दुसरी बारीक दिसेल. गुडघे वाकवून कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीला आणा. माणूस जमिनीवर बसलेला असताना उभ्यानं काढलेल्या फोटोत तो बिचारा दिसतो, आणि हातात एवढी कला असलेला माणूस बिचारा दिसावा हे मला सहन होत नाही. मग आधी नुसतं ऐका. हातोडीला ताल असतो. ठोका, भांडं किंचित फिरवणं, पुन्हा ठोका. हातोडी सगळ्यात वर गेली की क्षणभर थांबते. त्या वेळी हात आणि खांदा यांच्यात जी मोकळी जागा दिसते ती फोटोला श्वास देते. क्लिक तिथे. हातोडी स्पष्ट हवी असेल तर शटर 1/500 सेकंदावर ठेवा. ठोक्याची गती दाखवायची असेल तर 1/60 ला उतरा आणि कोपर भिंतीला टेकवा.

बाकी सेटिंगचा फार बाऊ नको. उघड्या रस्त्यावर फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा आणि 28 मिमी लेन्स असेल तर लेन्सचं छिद्र एफ/8 ठेवून फोकस हातानं साधारण सव्वातीन मीटरवर लावा. दीड-पावणेदोन मीटरपासून पुढचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. ऑटोफोकस जवळच्या कमानीवर अडकून बसण्याचा त्रासही मिटतो. सावलीत आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, वाढवा, शटर 1/250 च्या खाली नेऊ नका.

मग वाट पाहणं. वाट पाहताना मधल्या माणसाकडे बघू नका, फ्रेमच्या चारही कडा बघा. कुठे अर्धं चाक आलंय का, कापलेला हात आलाय का, एखादी भडक पाटी नजर ओढतेय का? एक पाऊल सरकलं की यातलं बहुतेक निघून जातं. माणूस चालत असेल तर तो जिकडे बघतोय तिकडे जास्त जागा सोडा. आणि त्याचे दोन पाय कात्रीसारखे उघडले की दाबा. पाय एकमेकांना चिकटलेले असताना माणूस खुंटीसारखा दिसतो. त्याच्या डोक्यामागे काय आहे हेही आधीच ठरवून ठेवा: मोकळी भिंत किंवा आभाळ. विश्रामबाग वाड्यासमोर लाकडी सज्जा आणि सुरूच्या आकाराचे खांब पाहून सगळे इतके हरखतात की खांब नेमका माणसाच्या डोक्यातून वर जातो. दोन खांबांच्या मधली जागा पकडा आणि माणूस तिथे पोचेपर्यंत बोट आवरा.

चालती चौकटही असते. छायाचित्रकार रघुबीर सिंग यांनी ॲम्बेसिडर गाडीतून देश फिरताना गाडीची दारं, काचा, आरसे यांतून रस्ता पाहिला आणि एकाच फोटोत दोन-तीन दृश्यं बसवली. आपल्याकडे रिक्षा आहेच. लक्ष्मी रस्त्यावर रिक्षा गर्दीत थांबली की मागच्या सीटवरून हुड, दांडी आणि आरसा फ्रेममध्ये घ्या. आरशात रिक्षावाले काका दिसतील, बाहेर खरेदीची लगबग. उतरताना काकांना फोटो मात्र दाखवा.

तोच नियम सगळीकडे. आधी विचारलं तर सहजपणा जातो, म्हणून मी फोटो काढल्यावर लगेच जवळ जाते. ‘मावशी, तुमचा फोटो काढलाय, बघता का?’ नको म्हणाल्या तर त्यांच्यासमोर पुसते, वाद घालत नाही. लहान मुलं असतील तर सोबतच्या मोठ्या माणसाशी बोलल्याशिवाय तो फोटो कुठेही टाकायचा नाही. रडणारं, आजारी किंवा उघड्यावर झोपलेलं माणूस कितीही सुंदर चौकटीत आलं तरी मी कॅमेरा उचलत नाही. ज्यांचा फोटो चांगला आला त्यांना पुढच्या खेपेला छापील प्रत नेऊन द्या. ओट्यावरच्या पत्र्याला ती चिकटवलेली दिसली की शेजारचे स्वतःहून बोलावतात.

घरी आल्यावर दाराच्या उभ्या रेषा सरळ करा, पण क्रॉप करताना हात आखडता ठेवा. चौकटीची काळी कड जागा खातेय असं वाटतं आणि पहिली कात्री तिलाच लागते. ती कापली की उरतो नुसता दारात बसलेला माणूस. त्यामुळे फोटो काढतानाच कमानीच्या बाहेर बोटभर जादा जागा घेत जा.